घरचा कॉफी कोपरा: तेलाला एक औषध, क्षाराला दुसरं

कॉफी एकाएकी कडवट आणि जुनाट लागायला लागली की दोष आधी बियांवर जातो. बिया बदलून होतात, दळण बारीक-जाड करून होतं, चव मात्र तिथेच अडून बसते. अशा वेळी एस्प्रेसो मशीनच्या पोर्टाफिल्टरमधली (कॉफीची पूड भरून मशीनला अडकवायच्या मुठीच्या साधनातली) भोकांची बास्केट उपसून काढा आणि तिच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवा. बोटाला काळपट, मेणचट काही लागलं आणि त्याला खवट तेलाचा वास आला, तर नव्या बियांवर आणखी खर्च करायची गरज नाही.

कॉफीच्या सामानात मुख्यतः दोन तऱ्हेची घाण साठते. पहिली कॉफीतल्या तेलांची. भाजलेल्या बीत तेल असतं, ते गरम धातूवर पुटं धरतं, हवेने खवट होतं आणि पुढच्या प्रत्येक कपात थोडं थोडं उतरतं. दुसरी पाण्यातल्या क्षारांची. कठीण पाणी तापलं की त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेट बनतं आणि बॉयलरच्या, किटलीच्या आतून पांढरा दगडी थर बसतो. तेलाला अल्कली लागते, क्षाराला आम्ल. लिंबूसत्त्वाने, म्हणजे सायट्रिक अॅसिडने, तेल निघत नाही आणि कॉफी मशीनच्या धुण्याच्या पावडरीने क्षार हलत नाही. नवख्यांचा निम्मा गोंधळ इथेच होतो. ‘मशीन साफ केलं तरी फरक नाही’ असं वाटलं, तर आधी कोणतं औषध कशाला लावलं ते आठवून पाहा.

दुधाचं खातं तिसरं. त्याला औषधापेक्षा वेळ महत्त्वाची.

जवळ काय असावं

कॉफी मशीन धुण्याची पावडर (तिच्यात बहुधा सोडियम परकार्बोनेट आणि वॉशिंग सोडा असतो), सायट्रिक अॅसिड, बिनभोकाची बास्केट किंवा बास्केटमध्ये बसणारी रबरी चकती, ग्रुप हेडचा (पोर्टाफिल्टर जिथे अडकवतात त्या भागाचा, थोडक्यात ‘ग्रुप’चा) वाकड्या मानेचा ब्रश, ग्राइंडरसाठी वेगळा कोरडा ब्रश, शॉवर स्क्रीनच्या (ग्रुपमधून पाणी पाडणाऱ्या जाळीच्या) स्क्रूला बसणारा स्क्रूड्रायव्हर, खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीस आणि तीन फडकी. तिन्ही फडक्यांचे रंग वेगळे ठेवा: एक ओलं, फक्त दूध फेसाळायच्या वाफेच्या नळीसाठी, एक कोरडं, बास्केटसाठी, एक ओट्यासाठी. दुधाचं फडकं रोज बदलायचं. धुताना कपडे मऊ करणारं द्रव वापरू नका. त्याने फडक्यावर पातळ थर बसतो, मग ते पाणीही नीट शोषत नाही.

पावडर आणि आम्ल एकाच पाण्यात घालू नका, दोन्ही एकमेकांना निकामी करतात. ब्लीच तर या कोपऱ्यात आणूच नका. आम्लाशी त्याची गाठ पडली की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

प्रत्येक कपानंतर

चोथा झटकून टाका, पोर्टाफिल्टर न लावता पंप २-३ सेकंद चालवून शॉवर स्क्रीनला चिकटलेले कण वाहू द्या, बास्केट कोरड्या फडक्याने पुसा. दहा सेकंदांचं काम आहे. हे नियमाने होत असेल तर आठवड्याची सफाई निम्मी होते. कॉफी काढून झाल्यावर चोथ्यासकट पोर्टाफिल्टर मशीनला तसाच लावून ठेवणं ही सर्वांत वाईट सवय, कारण ग्रुप तापलेला असतो आणि चोथा तिथेच शिजत, वाळत राहतो.

वाफेच्या नळीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. वाफ बंद केली की नळीत उरलेली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि नळी दुधात बुडालेली असेल तर दूध वर ओढलं जातं. म्हणून नळी दुधातून बाहेर काढल्याबरोबर ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच दोन सेकंद वाफ सोडा, ती पण फडक्यात किंवा ट्रेमध्ये, हाताच्या दिशेने नव्हे. दूध फेसाळण्याआधीही एकदा वाफ सोडायची, म्हणजे साचलेलं पाणी दुधात जात नाही. पुसायला अर्धा मिनिट उशीर झाला तरी दूध करपून पापुद्रा धरतो. तो चाकूने खरवडू नका. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं नळीभोवती गुंडाळून पाच मिनिटं ठेवलं की पापुद्रा सुटतो. टोकाची भोकं बुजली असतील तर मशीन थंड करून टोक उघडा, कोमट पाण्यात पावडर घालून १५ मिनिटं भिजवा आणि भोकांतून पिन फिरवा. टोक परत लावताना आतली छोटी रबरी कडी जागेवर आहे ना ते पाहा, ती हरवली की आट्यांतून वाफ गळते.

दुधाचा जग आधी थंड पाण्याने विसळायचा, मग गरम पाणी आणि साबण. उलट केलं तर गरम पाण्याने दुधातली प्रथिनं भांड्यालाच घट्ट बसतात.

दिवसाच्या शेवटी

टाकीतलं उरलेलं पाणी ओतून द्या. साठलेल्या पाण्याच्या टाकीत आठवड्याभरात भिंतींना बुळबुळीत थर येतो आणि मशीन उन्हात असेल तर शेवाळही धरतं. ड्रिप ट्रे रोज रिकामा करा, विसळा, निथळू द्या. ट्रेच्या तोंडाशी पाणी सोडणारी नळी असते, तिच्या टोकाला काळा गोळा जमतो, तोही काढा. चोथ्याचा डबा रोज रिकामा व्हायलाच हवा; ओल्या चोथ्यावर दोन दिवसांत बुरशी दिसते. चोथा सिंकमध्ये मात्र सोडू नका. तो तेलासकट वाकड्या पाइपात जाऊन बसतो.

आठवड्याला: उलट्या दाबाने धुणं

आधी आपल्या मशीनला तीन मार्गी व्हॉल्व्ह, म्हणजे कॉफी काढून झाल्यावर आतला दाब ट्रेमध्ये सोडणारी झडप, आहे का ते तपासा. ओळख सोपी आहे. शॉट (एका वेळची कॉफी) बंद केल्याबरोबर ‘फुस्स’ आवाज होऊन ट्रेमध्ये पाणी येतं आणि चोथा बराचसा कोरडा, एकसंध वडीसारखा निघतो, तर व्हॉल्व्ह आहे. आवाज नाही आणि चोथा चिखलासारखा, तर बहुधा नाही. नसेल तर हा प्रकार करूच नये: दाब आत अडकून राहतो आणि पोर्टाफिल्टर सोडवताना उकळतं पाणी अंगावर उडतं. अशा मशीनसाठी पुढे सांगितलेली शॉवर स्क्रीनची सफाई पुरेशी आहे. शंका असल्यास मशीनसोबतची पुस्तिका बघा, तिचा शब्द अंतिम.

१. मशीन पूर्ण तापू द्या. पोर्टाफिल्टरमध्ये बिनभोकाची बास्केट बसवा.

२. तिच्यात ३ ग्रॅम पावडर टाका, साधारण अर्धा छोटा चमचा. जास्त टाकून जास्त साफ होत नाही, फक्त धुवायला जास्त वेळ लागतो.

३. पोर्टाफिल्टर लावा, पंप १० सेकंद चालवा, बंद करा, १० सेकंद थांबा. बंद केल्यावर साबणाचं पाणी उलट्या वाटेने व्हॉल्व्हमधून ट्रेमध्ये येतं. खरं काम त्या परतीच्या प्रवासात होतं. असं पाच वेळा. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पाणी तपकिरी आलं तर समजा उशीर झाला होता.

४. पोर्टाफिल्टर काढा, पाणी चालू ठेवून ब्रशने गॅस्केटभोवतीची (पोर्टाफिल्टर घट्ट बसवणाऱ्या रबरी कड्याभोवतीची) खाच घासा. पाणी गरम असतं, मनगट खाली येऊ देऊ नका.

५. बास्केट विसळून पावडर न घालता हीच फेरी ८-१० वेळा. फेस आणि वास दोन्ही थांबले की झालं.

६. एक शॉट काढून फेकून द्या.

लिव्हरच्या ई-६१ ग्रुपबद्दल एक वेगळी सूचना. १९६१ साली फाएमाने आणलेल्या या रचनेत लिव्हरचा फिरता दांडा ग्रीसवर चालतो आणि पावडर ते ग्रीस धुऊन नेते. अशा मशीनला आठवड्याला नुसत्या पाण्याने धुवा, पावडर महिन्यातून एकदाच. लिव्हर कुरकुरायला किंवा जड जायला लागला तर ग्रीस संपलं आहे, सफाई कमी पडलेली नाही.

मशीन धुतलं जात असताना बाकीचं सामान भिजत घाला. एक लिटर गरम पाण्यात एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम पावडर. त्यात बास्केट आणि पोर्टाफिल्टरचा धातूचा भाग २० मिनिटं. मूठ पाण्याबाहेर राहू द्या, लाकूड फुगतं आणि प्लॅस्टिक पांढुरकं पडतं. दोन गोष्टी ध्यानात असू द्या. अॅल्युमिनियमचे भाग या पाण्यात घालू नका, ते काळे पडतात. आणि उरलेलं पाणी झाकणबंद बाटलीत साठवू नका. परकार्बोनेटमधून ऑक्सिजन सुटत राहतो, बाटली फुगते. थर्मासचे आतले डाग याच पाण्याने उत्तम जातात, पण झाकण उघडं ठेवून.

महिन्याला: शॉवर स्क्रीनच्या मागे काय दडलंय

उलट्या दाबाने धुतलं तरी स्क्रीनच्या मागे थोडं कीटण राहतंच. मशीन बंद आणि थंड करा. खालून मधला स्क्रू सोडवा. स्क्रू कडक असेल तर स्क्रूड्रायव्हर वर घट्ट दाबून फिरवा, नाहीतर खाच झिजते आणि मग तो स्क्रू काढणं हीच एक मोहीम होऊन बसते. स्क्रीन आणि तिच्यामागची पाणी पसरवणारी चकती पावडरीच्या पाण्यात २० मिनिटं भिजवा (चकती अॅल्युमिनियमची असेल तर साधा साबणच), घासा, उजेडासमोर धरून सगळी भोकं मोकळी आहेत ना बघा. भोकं अर्धी बुजली की पाणी एका बाजूने जास्त पडतं, कॉफीच्या वडीला एका बाजूला खड्डा पडतो, आणि माणूस बिचारा दाबण्याच्या पद्धतीला दोष देत बसतो. परत लावताना स्क्रू बोटाने बसवून मग पाव फेरा घट्ट करा, त्याहून जास्त नको.

ग्राइंडर: इथे पाण्याला बंदी

ग्राइंडर हा कॉफी कोपऱ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग, कारण त्याची घाण दिसत नाही. दळणाच्या वाटेत दरवेळी थोडी पूड मागे राहते आणि पुढच्या दळणात मिसळते. गडद भाजलेल्या, वरून चकाकणाऱ्या तेलकट बिया असतील तर ही पूड लेपासारखी पात्यांना बसते. मग पाती धार असूनही बी नीट पकडत नाहीत, दळण विस्कळीत होतं, मोटर जड चालते.

रोज दोन डबल शॉट म्हणजे ३६ ग्रॅम धरले तर महिन्याला एक किलोच्या वर कॉफी पात्यांमधून जाते. त्या हिशेबाने महिन्या-दोन महिन्यांनी ग्राइंडर उघडावा. तेलकट बिया असतील तर दर पंधरा दिवसांनी.

प्लग काढा. बटण बंद केलं एवढ्यावर विसंबू नका, बोटं पात्यांजवळ जाणार आहेत. डब्यातल्या बिया आधीच काढून उरलेल्या दळून टाका. दळणाचा आकडा लिहून ठेवा आणि उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, विशेषतः स्प्रिंग आणि वॉशर कुठे होते त्याचा. वरचं पातं बाहेर काढून कोरड्या ब्रशने झटका, खालच्या पात्याभोवतीची पूड ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने ओढा. दळण बाहेर पडतं त्या बोळात सर्वांत जास्त साठा सापडेल, तिथे लाकडी काडी चालते. पाती पाण्याने धुऊ नका, पोलादाला एका रात्रीत गंज चढतो.

वरच्या पात्याच्या कड्याचे आटे मात्र पूर्ण साफ झालेच पाहिजेत. आट्यांत पूड राहिली की कडं किंचित तिरकं बसतं, दोन पात्यांमधलं अंतर एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त होतं आणि त्याच दळणात पीठ आणि भरड दोन्ही येतं. कडं बसवताना आधी उलटं फिरवा, आटे एकमेकांत बसल्याचा बारीक ‘टक्’ कळला की मग सुलटं. अडलं तर जोर लावू नका, परत काढून पहिल्यापासून बसवा. शेवटी जुन्या बिया १०-१५ ग्रॅम दळून फेका आणि आकडा पुन्हा जुळवा. उघडून बसवल्यावर तो थोडा सरकतोच.

न उघडता मधल्या मधे सफाई करायची तर ग्राइंडरसाठीच्या गोळ्या मिळतात, पाकिटावरच्या मापाने वापराव्यात. कच्चा तांदूळ दळण्याचा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो ऐकू नये: तांदूळ भाजलेल्या बीपेक्षा बराच कठीण, छोट्या मोटरवर ताण येतो आणि त्याचं बारीक पीठ तेलावर लिंपलं जातं. बियांचा डबा साध्या साबणाने धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका.

बाकीची साधनं

फ्रेंच प्रेसची जाळी बहुतेक जण वरवर विसळतात. खालची चकती फिरवून सोडवा, जाळी वेगळी करा. दोन चकत्यांच्या मधे अडकलेला साका पाहिलात की आठवड्याला एकदा उघडण्याची आठवण आपोआप राहील. ड्रिपर आणि काचेच्या भांड्याला पावडरीचं गरम पाणी १५ मिनिटं, डाग घासावेही लागत नाहीत. स्वयंचलित मशीनमध्ये कॉफी बनवणारा भाग बाहेर निघत असेल तर तो आठवड्याला कोमट पाण्याखाली धरा, साबण नको, वाळवा, आणि सरकणाऱ्या जागांना तीन-चार महिन्यांनी किंचित ग्रीस लावा. दुधाची नळी असेल तर ती रोजच्या रोज.

मोका पॉट अॅल्युमिनियमचा असेल तर मशीनची पावडर आणि डिशवॉशर दोन्ही वर्ज्य. सौम्य साबण चालतो, तो लावला की चव जाते ही समजूत निराधार आहे. रबरी कडी आणि तिच्यामागची जाळीदार चकती महिन्याला उपसून काढा, तिथे खवट तेल असतं. सुरक्षेचा छोटा व्हॉल्व्ह क्षाराने बुजलेला नाही ना हे अधूनमधून पाहा. तो अडला तर दाबाला बाहेर पडायला वाट राहत नाही. पाणी नेहमी या व्हॉल्व्हच्या खालीच भरा, आणि धुतल्यावर पॉट सुटा ठेवून वाळवा.

क्षार काढणं

किटलीपासून सुरुवात करा, चुकायला फारसा वाव नाही. एक लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, अर्धा तास, ओता, दोनदा विसळा. खळखळ उकळवू नका: जाड थर असेल तर गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेट बनतं, ते गरम पाण्यात कमी विरघळतं आणि नवा साका तळाशी बसतो. व्हिनेगरने क्षार निघतो, पण वास रबरी भागांत मुरतो आणि कित्येक दिवस कपात येत राहतो.

मशीनसाठी पुस्तिका आधी वाचा. बॉयलर अॅल्युमिनियमचा असेल तर आम्ल त्यालाच खातं, तेव्हा उत्पादकाने सांगितलेलंच द्रावण वापरा. दोन बॉयलरची किंवा हीट एक्स्चेंजरची मोठी मशीनं घरी क्षारमुक्त करण्याच्या भानगडीत पडू नये हे बरं. सुटलेले तुकडे एक मिलिमीटरहूनही बारीक छिद्रांत अडकतात आणि मशीन उघडावंच लागतं.

छोट्या मशीनची रीत अशी. टाकीतला पाण्याचा फिल्टर काढून ठेवा. वरच्याच प्रमाणात द्रावण भरा, अर्धं ग्रुपमधून आणि थोडं वाफेच्या नळीतून जाऊ द्या, मशीन बंद करून १५-२० मिनिटं थांबा, उरलेलं काढा. मग साध्या पाण्याच्या दोन पूर्ण टाक्या. द्रावण रात्रभर आत ठेवू नका. बाहेर येणारं पाणी निळसर-हिरवट दिसलं तर क्षार संपून आता तांबं आणि पितळ विरघळतंय, तिथेच थांबा. हे झाल्यावर उलट्या दाबाने धुवा, कारण सुटलेले कण ग्रुपमध्ये येऊन बसलेले असतात. क्रम उलटा केला तर तीच सफाई दोनदा करावी लागते.

किती दिवसांनी करायचं हे पाण्यावर ठरतं. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या मार्गदर्शनात कॉफीसाठी पाण्याचा कठीणपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, ५० ते १७५ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) धरला आहे. मशीनच्या दृष्टीने त्यातलं खालचं टोक सुखाचं: ५०-७० ला क्षार फार सावकाश बसतो, दीडशेच्या पुढे दोन-तीन महिन्यांनी काढावा लागू शकतो. मोजायला कठीणपणाच्या पट्ट्या किंवा थेंबांची चाचणी वापरा. टीडीएस मीटर इथे फसवतं. ते विरघळलेले सगळे क्षार मोजतं, थर न बसवणारं सोडियमसुद्धा. उलट टोकाला जाऊन खनिजं जवळजवळ शून्य असलेलं पाणी भरणंही बरं नाही: कॉफी फिकी लागते आणि ज्या बॉयलरची पातळी विजेच्या टोकाने ओळखली जाते त्याला असं पाणी ‘दिसतच’ नाही, तो भरतच राहतो.

गॅस्केट कधी बदलायचं

पोर्टाफिल्टर लावताना मूठ पूर्वी समोर सरळ थांबायची, आता उजवीकडे पुढे जाते. शॉटच्या वेळी कडेने थेंब गळतात. रबर नखाने दाबलं तर दबत नाही. यातलं एकही दिसलं की गॅस्केट गेलं. मूठ आणखी जोराने आवळून आठवडा निघेल, पण ग्रुपचे कान झिजतील. रोजच्या वापरात साधारण वर्षभर टिकतं. नवं घेताना व्यास आणि जाडी दोन्ही जुळवा, कारण ८ आणि ८.५ मिलिमीटर दिसायला सारखेच असतात. मशीन थंड असताना स्क्रीन काढा, टोच्याने जुनं गॅस्केट एका ठिकाणी उचकटा. कडक झालेलं असेल तर तुकड्यांनी निघेल. खाचेतला काळा थर पूर्ण खरवडा, नाहीतर नवं गॅस्केट तिरपं बसतं. मग तिरप्या कडेची बाजू वर करून ते बोटांनी सगळीकडून दाबा, वर स्क्रीन बसवा आणि रिकामा पोर्टाफिल्टर लावून ते खाचेत पूर्ण बसवून घ्या. पहिले काही दिवस मूठ पूर्वीपेक्षा डावीकडेच अडेल. तिला ओढून मधे आणू नका, रबर दबलं की ती आपोआप जागेवर येते.